साहेब ‘होय म्हाराजा’ म्हणाले नाहीत

अण्णा,

यंदा चाळीच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं मी घातलं. हसू नका. तुमच्यानंतर इतकी वर्षं तळमजल्यावरचे काका घालत होते, पण त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज म्हणजे नुसती हवा. आणि नव्या पोरांना मालवणी येत नाही. त्यांची मालवणी मोबाईलवरची, शिव्यांपुरती. मग मंडळाचा अध्यक्ष माळे चढून वर आला आणि दारातच म्हणाला, ताई, तुम्ही अण्णांची मुलगी, तुम्हाला पाठ असणार. मी म्हटलं, बाईमाणसाने घातलेलं चालेल का तुमच्या बाप्पाला? तो म्हणाला, बाप्पाला चालेल हो, काकांचंच काय ते बघावं लागेल. तेवढ्यात आतून आईचा आवाज, “घाल गो. बापाशीन शिकवल्यान तां फुकट कित्याक घालवतंस?” आईचा शब्द म्हणजे शेवटचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी हो म्हटलं आणि तेव्हापासून भांडी घासतानाही गाऱ्हाणंच पुटपुटत होते.

ऑफिसात एक पुण्याच्या बाई आल्यात, त्यांना गाऱ्हाणं म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. डबा खाताना त्यांना समजावलं. एक जण सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो, एकेक मागणं घालतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर बाकी सगळे हात जोडून ‘होय म्हाराजा’ म्हणतात. त्या म्हणाल्या, म्हणजे ठराव मंजूर करण्यासारखं. मला इतकं हसू आलं! तुम्ही असतात तर त्या बाईंना घरी जेवायलाच बोलावलं असतंत, कारण तुम्ही तेच करत होतात. देवाला पुढे बसवून ठराव मंजूर करून घेत होतात.

मला अजून दिसतं. चतुर्थीच्या आदली संध्याकाळ, तुम्ही गोदीतून येऊन ऑफिसची पँट खुंटीला लावलीय, पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यावर स्वयंपाकघरात विळीवर बसलाय आणि नारळ खवताय. आई स्टोव्हपाशी सारण परततेय. मी वेलची सोलतेय, म्हणजे निम्मी खातेय. तुम्ही खवता खवता पुटपुटताय, बा देवा म्हाराजा, ही सगळी तुझी लेकरां तुझ्या पायाशी उभी आसत, तेंच्याकडसून काय चुकला माकला असात तां पोटात घाल. मध्येच थांबून माझ्याकडे बघताय आणि भुवई उडवताय. मग मी खोट्या जाड आवाजात ‘होय म्हाराजा’ म्हणते आणि आई झारा उगारते, म्हणते, देवाची मस्करी नको. एकदा मी विचारलं होतं, हे एवढं ओरडून कशाला मागायचं, देवाला हळू बोललेलं ऐकू येत नाही का? तुम्ही खवलेला चव एका बाजूला ओढलात आणि म्हणालात, “गाऱ्हाणा म्हणजे अर्ज न्हय गो. अर्ज गुपचूप देतत. गाऱ्हाणा सगळ्यांदेखत घालूक व्हया.” मग माझ्याकडून अख्खं गाऱ्हाणं म्हणवून घेतलंत, त्या धुरकट खोलीत, फडताळातल्या देवांसमोर. आई म्हणाली, मुलींना कशाला शिकवताय ते? तुम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं केलंत. तुम्हाला ते छान जमायचं.

आणि ते नळाचं प्रकरण. चाळीतले म्हातारे अजून सांगतात, फक्त दर वर्षी त्यात थोडं मीठमसाला वाढतो. आपल्या तिसऱ्या माळ्यावर पाणी चढत नव्हतं, बायका कळश्या घेऊन जिने चढून चढून मेटाकुटीला आल्या होत्या, आणि तेव्हाचे नगरसेवक प्रत्येक वेळी बघतो म्हणायचे. तुम्ही एक अर्जही केला नाहीत. विसर्जनाच्या आधी ते आरतीला आले, पांढरा सफारी, कपाळाला हा एवढा गुलाल. तुम्ही गाऱ्हाणं सुरू केलंत. लेकरांची राखण कर, होय म्हाराजा. आजाऱ्यांना बरं कर, होय म्हाराजा. बारावीच्या पोरांना पास कर, होय म्हाराजा. आणि त्याच श्वासात, आवाजाची पट्टी न बदलता, आमच्या नगरसेवकांच्या हातून ह्या दिवाळीआधी तिसऱ्या माळ्यावर पाणी चढांदे रे म्हाराजा. चाळ दणाणली, होय म्हाराजा! आणि ते गृहस्थ डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यांत मोठ्याने. डोळे उघडले तेव्हा उशीर झाला होता. अख्ख्या चाळीने पाहिलं होतं, देवानेही पाहिलं होतं, आणि तुम्ही कधीच पुढच्या मागण्यावर पोहोचला होतात. दिवाळीआधी प्लंबर आला. आईने मात्र तुम्हाला खडसावलं, माणसाला धरायला देवाचा गळ केलात, हे काय बरं नव्हे. तुम्ही उठलात. गॅलरीच्या टोकाच्या नव्या नळाखाली कळशी भरलीत आणि तिच्या ओट्यापाशी नेऊन ठेवलीत. आई पाठमोरी हसत होती, मी पाहिलंय.

त्या दिवशी सगळ्यांत जास्त हसला होता तो मंडळाचा खजिनदार, तेव्हा नुकताच कॉलेज संपवून नोकरी शोधणारा. तुमच्या मागे मागे वर आला होता. म्हणाला, अण्णा, तुम्हाला कळलं कसं हो, की नगरसेवक ‘होय’ म्हणतील? तुम्ही त्याला चहा दिलात आणि सांगितलंत की माणसं गाऱ्हाणं ऐकत नसतात, ठेक्यावर ‘होय’ म्हणतात. तोच आता आमचा साहेब. मंत्री आहे, अण्णा. लालबागपासून दादरपर्यंत खांबाखांबावर त्याचा फोटो, हात जोडलेला, तुमच्याच गाऱ्हाण्यात उभा असल्यासारखा. पण खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नाही. आईला अजून काकीच म्हणतो, वाकून पाया पडतो, कुणाच्या मयताला आला नाही असं झालं नाही. चाळीत कुणाला हॉस्पिटलात बेड हवा असला तर त्याच्या माणसाला फोन केला की मिळतो. मी मत त्यालाच देते. तुम्हीही दिलं असतंत.

आता उन्हाचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. तुमच्या वेळचं ऊन वेगळं होतं हो. तुम्ही मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या या खोलीत धोतर ओलं करून दाराला लावायचात आणि खुशाल घोरायचात. आता धोतर वाळेपर्यंतही दम निघत नाही. त्यात समोर, गिरणीच्या जागेवर, काचेचा टॉवर उभा राहिलाय. दुपारी त्याच्या काचा उलटून आपल्या गॅलरीत आग ओततात. म्हणजे आपल्याला ऊन दोनदा, एकदा सूर्याचं आणि एकदा शेठ लोकांचं. मी हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीत बसते ना, मला कळतं. पूर्वी मे महिन्यात जुलाब-उलट्यांची रांग असायची, आता नुसती चक्कर आली, घेरी आली, वाटेत पडला. हमाल, सिग्नलवरचे पोलीस, पार्सल पोचवणारे, भाजीवाल्या. सगळं जगच तापत चाललंय हे काय आता फक्त शास्त्रज्ञांना माहीत आहे असं नाही, आमच्या रांगेतल्या बाईलाही माहीत आहे. ती म्हणते, ताई, हवाच बदलली.

या मे महिन्यात त्या रांगेत आई आली. भर दुपारी शेजारणीने तिला मोरीच्या कट्ट्याशी पडलेलं पाहिलं, टॅक्सीत घातलं आणि आणलं. मी मान वर न करता सवयीने विचारलं, पेशंटचं नाव, वय? शेजारीण काहीच बोलेना म्हणून वर पाहिलं. स्ट्रेचरवर आई. तिचं अंग असं तापलेलं की हात ठेववत नव्हता, आणि ती तुम्हाला हाक मारत होती, चहा निवला म्हणून सांगत होती. अण्णा, मी त्या खिडकीत किती वर्षं बसलेय, पण त्या दिवशी मला माझ्याच आईचं वय आठवेना. वाचली. डॉक्टर पोरगेलासा होता, पण स्पष्ट बोलला. यंदा निभावलं, पुढच्या उन्हाळ्यात यांना त्या खोलीत ठेवू नका, पुन्हा असं झालं तर शरीर सोसणार नाही. आईला सांगितलं तर ती म्हणते, ह्या खोलीत लग्न होऊन आले, ह्या खोलीतून तुझे वडील गेले, मी काय आता भाड्याच्या घरात मरायला जाऊ? आणि जायचं तरी कुठे? माझ्या पगारात मुंबईत दुसरी खोली मिळते का? तेव्हापासून पुढच्या मार्चला किती महिने उरले ते मी मोजतेय.

आई घरी आली त्याच आठवड्यात साहेबांची सभा होती. मी मुद्दाम गेले. मंडपात मोठमोठे पंखे, तरी माणसं वर्तमानपत्राने वारा घेत होती, एक बाई खुर्चीवरून घसरली तेव्हा तिला बाहेर नेलं आणि भाषण चालूच राहिलं. साहेब सगळ्यावर बोलला. टॉवर, रस्ते, पुतळे, मराठी माणूस, विरोधकांची सात पिढ्यांची कुंडली. आणि बोलताना खांद्यावरच्या नॅपकीनने सारखा घाम पुसत होता. मी वाट बघत होते, आता म्हणेल, आता म्हणेल. घाम पुसण्याच्या निमित्ताने तरी उन्हाचा एक शब्द काढेल. नाही. पुढच्या आठवड्यात समोरच्या पक्षाची सभा झाली, तीही ऐकली, तिथेही तेच, नॅपकीनचा रंग तेवढा वेगळा. एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण या एका बाबतीत दोघांनी मिळून मूग गिळलेत. मला संताप संताप झाला. झाडं लावा, पत्र्यांवर काहीतरी गार करणारं घाला, दुपारची कामं बंद ठेवा, काचांच्या बिल्डिंगींना आवरा, काहीही बोला ना बाबांनो. निदान ऊन वाढलंय एवढं तरी म्हणा.

म्हणून गाऱ्हाण्याला मी हो म्हटलं, अण्णा. खरं कारण ते. मला साहेबाकडून ‘होय म्हाराजा’ काढून घ्यायचं होतं. एकदा बोलला की चाळ त्याला सोडणार नाही, हे मला ठाऊक होतं.

साहेब आला. चाळीच्या चौकात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मी तुमच्यासारखीच सुरुवात केली, लेकरांची राखण, आजाऱ्यांना बरं कर, आणि पहिला ‘होय म्हाराजा’ आला. आवाज लागला. काकासुद्धा मान डोलवायला लागले. साहेब प्रत्येक वेळी हात जोडून म्हणत होता. मग मी तुमच्यासारखाच गळ टाकला. म्हटलं, म्हाराजा, ऊन दर वर्साक वाढत चल्लला आसा, हवामान बदाल्ला तां सगळ्यांका म्हायत आसा, पण बोलणारो कोण नाय. तर आमच्या साहेबांका सभेत उभं रवान ह्या उन्हाबद्दल तोंड उघडूची बुद्धी दी रे म्हाराजा! चाळ म्हणाली, होय म्हाराजा! नेहमीसारखीच दणाणली. मी साहेबाकडे पाहिलं. त्याचे हात जोडलेले, डोळे उघडे, ओठ मिटलेले. तो माझ्याकडेच बघत होता.

आणि इथे मी माती खाल्ली. तुम्ही कधी थांबत नव्हतात. मागणं घालायचं आणि त्याच दमात पुढे जायचं, गाऱ्हाण्यात थांबायचं नसतं, हे मला या जन्मात कुणी शिकवायला नको होतं. पण मी थांबले. तो म्हणेल म्हणून थांबले. ढोलवाल्याने टिपरू खाली केलं. मंडळाचा अध्यक्ष आपल्या पायांकडे बघू लागला. सगळी चाळ साहेबाकडे, आणि साहेब शांत. माणूस चुकून गप्प बसतो तसा नाही, ठरवून. तुमच्याच चहाच्या कपावर शिकलेला माणूस तो, त्याला ठेका कुठे तोडायचा ते बरोबर ठाऊक होतं. शेवटी काकांनी त्या नसलेल्या आवाजात ‘गणपती बाप्पा’ म्हटलं आणि पोरांनी ‘मोरया’ करून सगळं बुडवून टाकलं. माझ्या तोंडात पुढचं मागणं तसंच राहिलं.

आरती झाल्यावर तो वर आला, काकींना भेटायला. बरोबरच्या माणसांना जिन्यातच थांबवलं. आईच्या पायाशी जमिनीवर बसला, मोदकावर तूप घालून घेतलं, तिला विचारलं, काकी, झोप लागते का? आई म्हणाली, या उकाड्यात कुणाला लागते रे? मग तो माझ्याकडे वळला. मला वाटलं आता रागावेल. रागावला नाही. “ताई, नळाचं सांगा, आत्ता फोन लावतो. उन्हाचं मी काय बोलू? बोललो की लोक विचारणार, मग करताय काय? आणि जे करायचं ते करायला गेलो की ज्यांचे टॉवर, त्यांच्याच पैशातून आमचे मंडप.” मी म्हटलं, मग हेच बोला ना माईकवर. तो हसला, खरं खरं हसला, आणि म्हणाला, “अण्णा असते तर माझ्याकडून वदवून घेतलं असतं त्यांनी. तुम्ही थांबलात.” जाताना आईच्या उशापाशी घरघरणाऱ्या टेबलफॅनकडे त्याने एकदा पाहिलं. मला त्याची दयाही आली, अण्णा, आणि त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसंही वाटलं.

अनंत चतुर्दशी झाली आणि दोन माणसं एसी घेऊन आली. साहेबांकडून, काकींसाठी. मी परत पाठवला. त्यांनी तो खाली मंडळाच्या ऑफिसात ठेवला, म्हणाले, ताईंचा राग उतरला की लावू. चाळीत एकेकाचं एकेक सुरू झालं. कुणी म्हणे, स्वाभिमान असावा तर असा. कुणी म्हणे, म्हातारीच्या जिवापेक्षा हिचा ताठा मोठा.  आई फक्त दुपारी फरशीवर ओल्या पंचावर झोपायला लागली, तोंड भिंतीकडे करून. ऑक्टोबर असा आला की मे परवडला. एका दुपारी मी लवकर घरी आले तर ती तशीच पडलेली, आणि मी हाक मारली तर ओ दिली नाही. दुसऱ्या हाकेला दिली. मी तशीच खाली मंडळाच्या ऑफिसात गेले आणि साहेबांच्या त्या माणसांना फोन करायला सांगितलं.

तर आता एसी लागलाय. आई अंगावर चादर ओढून झोपलीय, चादर, अण्णा! गालांवर जरा तुकतुकी आलीय. काल म्हणाली, तुझे वडील असते तर चोवीस तास घोरले असते. मी तिच्याशेजारी बसून हे लिहितेय आणि तिचा श्वास ऐकतेय. पुढच्या उन्हाळ्याची भीती अर्धी झालीय. साहेबाच्या माणसाला मी धन्यवादाचा निरोप पाठवला, मनापासून पाठवला.

एसीची बाहेरची पेटी गॅलरीत बसवलीय, दुसरी जागाच नव्हती. तिची गरम हवा थेट शेजारणीच्या दारात जाते. हीच ती शेजारीण, जिने आईला टॅक्सीत घालून आणलं होतं. ती हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानांचे ब्लाउज शिवते, उजेड बरा म्हणून तिची मशीन कायम गॅलरीत असायची. चार दिवसांपूर्वी तिने मशीन आत ओढून घेतली आणि दार लोटून घेतलं. आत तिचा पत्रा, तिचं ऊन आणि वर आमचं. मला वाटलं भांडायला येईल. मी उत्तरंही जुळवून ठेवली होती. आली नाही. काल नळावर भेटली, कपाळावरून घाम ओघळत होता, म्हणाली, “काकींना झोप लागते ना आता?” मी हो म्हटलं. पुढे त्या पेटीबद्दल एक वाक्य बोलायला हवं होतं, ते माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी कळशी उचलली आणि आत आले.

हे पत्र मी तुमच्या फोटोसमोर उभं राहून मोठ्याने वाचणार होते. टाकायला तर पत्ता नाहीच. पण मधली भिंत पातळ आहे, अण्णा, पलीकडे तिची मशीन चालल्याचं मला इथे ऐकू येतंय, म्हणजे माझं बोलणं तिलाही जाईल. म्हणून मनातल्या मनात वाचते, घडी करते, उशीखाली ठेवते. एसी चालूच आहे.